घटस्फोटात घर, सोनं, कर्ज: वाटणी कुठून सुरू करायची

घटस्फोट झाला की नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला अर्धा वाटा मिळतोच, असं मीही समजून होते. वकीलबाईंकडे पहिल्या भेटीत अर्धा तास बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फ्लॅटच्या ॲग्रीमेंटवर नाव कुणाचं आहे?"

आपल्या कायद्यातली मेख त्या एका प्रश्नात आहे. लग्नानंतर जे कमावलं ते दोघांचं, ही कल्पना भारतात गोवा सोडला तर कायद्यात उतरलेली नाही. गोव्यात पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेमुळे नवरा-बायकोची मालमत्ता, वेगळा करार केलेला नसेल तर, सामाईक धरतात. बाकी ठिकाणी ज्याच्या नावावर त्याचं. लग्नाच्या काळात घेतलेल्या मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारं एक विधेयक २०१३ साली राज्यसभेत मंजूर झालं होतं. लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घर सांभाळणाऱ्या पत्नीच्या कष्टांची दखल घेऊन तिला मालमत्तेत निम्मा वाटा दिला. निकाल महत्त्वाचा आहे, पण एका उच्च न्यायालयाचा, एका खटल्यातला. त्याच्या भरवशावर स्वतःचं गणित मांडू नका.

मग न्याय्य वाटणी होते कुठे? ती दोघांनी सही केलेल्या कागदावर होते. फॅमिली कोर्टात त्याला ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कोर्ट कायमची पोटगी ठरवू शकतं, कलम २७ खाली लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंबद्दल हुकूम करू शकतं. मालमत्तेचा वादही फॅमिली कोर्टात चालतो. पण तिथे ‘मी पैसे घातले’ हे पुराव्याने शाबीत करावं लागतं, ‘मी संसार केला’ एवढ्यावर भागत नाही. संसाराचं मोल धरायचं असेल तर ते तडजोडीतच धरलं जातं, आणि तेही निकालाच्या आधी. म्हणून हा लेख मुख्यतः महाराष्ट्रात परस्परसंमतीने वेगळं होणाऱ्यांसाठी आहे. भांडत वेगळं होणाऱ्यांनाही कागद आणि स्त्रीधन या पहिल्या दोन पायऱ्या चुकत नाहीत.

एक खुलासा करते. मी वकील नाही. स्वतःचं निस्तरलं, मग ओळखीतल्या पाच-सात जणांबरोबर कोर्टाच्या बाकावर बसले. त्यात दोन पुरुषही होते. त्यातून जे कळलं ते लिहिते आहे.

आधी कागद, मग बोलणं

वाटणीची चर्चा सुरू करण्यापूर्वी एक वही घ्या आणि घरात जे जे आहे ते लिहून काढा. घर, जमीन, गाडी, सोनं, बँक खाती, एफडी, पीएफ, पीपीएफ, विमा, शेअर्स, म्युच्युअल फंड, दुसऱ्याला दिलेले उसने पैसे, भाड्याची अनामत रक्कम. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहायच्या: नाव कुणाचं, पैसे कुणी भरले, कागद कुठे आहे. हा तिसरा रकाना भरताना घाम फुटतो.

घरासाठी नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (दस्ताच्या नोंदणीचा सरकारी उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट लागतं. शेतजमिनीसाठी सातबारा, आठ-अ आणि फेरफार. लक्ष्मीमुक्ती योजनेत पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लागलेलं असेल तर तो उतारा आजच काढून ठेवा. मालकी हक्कात नाव आहे की इतर हक्कात, हेही नीट वाचा, दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. बँकेची स्टेटमेंट लग्नाच्या वर्षापासूनची मागा. जुनी स्टेटमेंट मिळायला वेळ लागतो आणि फी पडते, तरी मागा. माझ्या बाबांनी डाउन पेमेंटसाठी दिलेला चेक अशाच एका जुन्या स्टेटमेंटमध्ये सापडला. तो नसता तर त्या आठ लाखांबद्दल नुसती तोंडातोंडी झाली असती.

समोरची व्यक्ती काही दडवते आहे असं वाटत असेल तर आधी स्वतःकडे काय आहे ते पाहा. स्वतःचा सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा अहवाल, काढा. आपण सहकर्जदार किंवा जामीनदार आहोत हे कित्येकांना तिथेच पहिल्यांदा कळतं. स्वतःच्या आयकर खात्यावरचं वार्षिक माहितीपत्रक (एआयएस) पाहा, आपल्या पॅनवर कुणी काही गुंतवणूक केली असेल तर त्यात बहुतेक दिसते. मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर दस्तांचा इंडेक्स टू शोधता येतो. प्रकरण पोटगीच्या अर्जापर्यंत गेलं तर सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालानुसार दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं. त्या शपथपत्राचा नमुना निकालासोबतच जोडलेला आहे. कोर्टात जायचं नसलं तरी तो नमुना छापून घ्या आणि दोघांनी घरीच भरा. यापेक्षा चांगली यादी मला कुठे मिळाली नाही.

याच आठवड्यात आणखी एक काम करा. जॉइंट खातं आणि लॉकर ‘दोघांपैकी कुणीही’ या पद्धतीने चालत असेल तर एक जण एकट्याने ते रिकामं करू शकतो. बँकेला लेखी पत्र देऊन यापुढे दोघांच्या सह्यांशिवाय व्यवहार होऊ नयेत असं कळवा आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. मात्र तुम्ही स्वतः खातं रिकामं करू नका. पुढे मेडिएटरसमोर पहिला विषय तोच निघतो आणि बाकीची बोलणी विस्कटतात.

स्त्रीधन वाटणीत धरायचं नाही

लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर बाईला प्रेमाने मिळालेलं सोनंनाणं, कपडे, भांडी, पैसे हे तिचं स्त्रीधन. माहेरचं असो वा सासरचं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलं आहे की ते तिचं एकटीचं, सासरच्यांकडे ते नुसतं ठेवायला दिलेलं असतं. एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा तेच म्हटलं: अडचणीत नवऱ्याने ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याची. म्हणजे ‘सोनं तू घे, घर मी घेतो’ हा सौदा मुळातच चुकीचा आहे. तिचंच तिला देऊन त्याची किंमत वसूल करण्यासारखं ते होतं. उलट बाजूही लक्षात ठेवा. तिच्या वडिलांनी जावयाला घातलेली अंगठी किंवा चेन त्याची. दोघांना मिळून आलेला फ्रिज दोघांचा.

लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करून वधूवरांनी सह्या करायच्या, असा १९८५ चा नियम आहे. अशी यादी केलेलं लग्न मी अजून पाहिलेलं नाही. मग पुरावा म्हणून उरतात फोटो आणि सराफाच्या पावत्या.

आम्ही लॉकर उघडला तेव्हा माझी मावशी आणि नवऱ्याचे मोठे भाऊ सोबत होते. मावशीने पिशवीतून लग्नाचा अल्बम काढला. एकेक दागिना बाहेर यायचा, मावशी फोटोवर बोट ठेवायची, दादा मान हलवायचे, मी लिहायचे. मग तिथून आम्ही चौघं सराफाकडे गेलो. चार तोळ्यांच्या म्हणून ठेवलेल्या पाटल्या ३९ ग्रॅम भरल्या. सराफ म्हणाला, झिजतात. राणीहाराशी येऊन गाडी अडली. तो सासूबाईंनी लग्नात माझ्या गळ्यात घातला होता, त्यामुळे कायद्याने माझा. पण तो त्यांच्या आजीचा होता. मी तो परत दिला, मात्र त्याचं वजन आणि त्या दिवशीचा भाव यादीत लिहून, हिशेबात माझ्या बाजूला धरून. भावना जपायची असेल तर जपावी, पण आकडा कागदावर असला की ते देणं दिसतं.

हिशेबात धरलेला असा एखादा दागिना सोडला तर या यादीत किंमत न लिहिता ग्रॅममध्ये वजन आणि कॅरेट लिहा. भाव रोज बदलतो, आणि परत द्यायला सहा महिने लागले तर त्या फरकावरून भांडण होतं. घडणावळ धरायची नाही, सोनं मोडीच्या वजनावर मोजायचं. चौघांच्या सह्या घ्या.

मुस्लिम स्त्रीला मेहेर (निकाहात नवऱ्याने कबूल केलेली रक्कम) आणि लग्नात मिळालेल्या वस्तू परत मिळवण्याचा हक्क १९८६ च्या कायद्याने दिलेला आहे. तिथेही हीच यादीची पद्धत उपयोगी पडते.

घराचं गणित

बहुतेकांच्या बाबतीत खरी मालमत्ता एकच असते, कर्जावरचा फ्लॅट. त्यामुळे इथे घाई करू नका.

किंमत कोणती धरायची? करारनाम्यावरची जुनी किंमत नाही, रेडी रेकनरचा सरकारी दरही नाही. त्याच सोसायटीत गेल्या वर्षभरात जो फ्लॅट विकला गेला त्याचा इंडेक्स टू काढा किंवा सरकारमान्य मूल्यांकनकाराचा दाखला घ्या. त्याची फी निम्मी-निम्मी भरा, म्हणजे तो ‘तुझा माणूस’ ठरत नाही.

आता उदाहरण घेऊ. फ्लॅटची किंमत ९० लाख, बाकी कर्ज ३२ लाख. म्हणजे हातात खरे ५८ लाख. डाउन पेमेंटला त्याचे लग्नाआधीच्या बचतीचे १२ लाख आणि तिच्या वडिलांचे ८ लाख लागले होते. ते आधी ज्याचे त्याला परत. उरले ३८ लाख. हप्ते त्याच्या पगारातून गेले, घर आणि मुलगी तिने सांभाळली. हे दोन्ही सारखं मानलं तर प्रत्येकी १९ लाख. म्हणजे त्याचे ३१, तिचे २७. घर तिला हवं असेल तर तिने त्याला ३१ लाख द्यायचे आणि ३२ लाखांचं कर्ज स्वतःच्या एकटीच्या नावावर घ्यायचं.

ही पद्धत कायद्याने घालून दिलेली नाही. पण मी पाहिलेल्या बोलण्यांत जिथे हा आकडा आधी मांडला गेला तिथे आवाज खाली आले. ‘सारखं मानलं तर’ या तीन शब्दांवर मात्र अडतं. नवरा म्हणतो, हप्ते मी भरले. त्याला विचारा की दहा वर्षं स्वयंपाक, मुलीची शाळा आणि आईचं आजारपण यांना पगारी माणसं ठेवली असती तर हप्ता भरायला किती उरलं असतं. हे टोमण्यासारखं न विचारता कागदावर हिशेब करून विचारा.

तिला कर्ज मिळतच नसेल तर? मग हट्टाने घर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घराच्या मोहापायी दरमहा हप्त्याला पुरणार नाही इतकं ओझं घेतलेल्या दोन मैत्रिणी मला माहीत आहेत. विकून पैसे वाटून घ्या. विकण्याची मुदत, कमीत कमी किंमत, दलाली कोण भरणार आणि तोवर हप्ता कोण भरणार हे चारही मुद्दे कन्सेंट टर्म्समध्ये लिहा.

सासरच्या मालकीच्या घराबद्दल नेहमी विचारलं जातं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिथे राहण्याचा हक्क मिळू शकतो, घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. सासऱ्यांच्या कमाईच्या घरात सुनेचा वाटा नसतो. नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत बायकोला वाटणी मागता येत नाही, मुलांचा हक्क मात्र असतो आणि तो घटस्फोटाने तुटत नाही. आईने ‘मुलांच्या वतीने’ तो सोडून देणारं कलम कुणी पुढे केलं तर सही करू नका. अज्ञान मुलाच्या स्थावर हक्काला हात लावायला कोर्टाची परवानगी लागते.

त्याच कारणाने ‘भांडण नको, फ्लॅट मुलाच्या नावावर करून टाकू’ हा आवडता तोडगाही जपून वापरावा. ऐकायला गोड आहे. पण मूल सज्ञान होईपर्यंत तो विकायचा तर कोर्टाची पायरी चढावी लागते.

कर्ज बँकेचं, हुकूम कोर्टाचा

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी फ्लॅट बायकोला दिला. ‘यापुढचे हप्ते ती भरेल’ असं कन्सेंट टर्म्समध्ये लिहून घेतलं आणि सुटलो म्हणाले. बँकेला कुणी कळवलंच नव्हतं. दीड वर्षाने तिची नोकरी गेली, तीन हप्ते थकले आणि यांचा सिबिल स्कोअर घसरला. त्यांचं नवीन घराचं कर्ज नामंजूर झालं तेव्हा हे उलगडलं. कोर्टाच्या हुकमात बँक पक्षकार नव्हती. बँकेच्या दृष्टीने दोघंही कर्जदार होते आणि आजही आहेत.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी बँकेकडे सहकर्जदाराचं नाव कमी करण्याचा किंवा एकाच्या नावाने नव्याने कर्ज घेण्याचा अर्ज, तिचं लेखी उत्तर, मग कोर्टातली सही. क्रेडिट कार्डावरची ॲड-ऑन कार्डं बंद करा. भावाच्या धंद्यासाठी दिलेली जामीनकी वगैरेही याच यादीत.

पीएफ आणि बाकीचं

यावर थोडक्यात. पीएफ, पीपीएफ मध्येच कापून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. ज्याचं आहे त्याच्याकडे ठेवून तेवढी रक्कम दुसरीकडून चुकती करायची. दहा लाखांची एफडी आणि दहा लाखांचे जुने फंड सारखे नसतात, कारण फंड विकताना नफ्यावर कर बसतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घेतलेली पॉलिसी पत्नी आणि मुलांसाठी विश्वस्त निधी मानली जाते. नवऱ्याला मागाहून त्यात आपल्या मनाने बदल करता येत नाही, तेव्हा तिचा कागद शोधा.

पोटगी एकरकमी की दरमहा? वाटणीच्या हिशेबात याने फरक पडतो. दरमहा पोटगी मिळणाऱ्याच्या हातात करपात्र उत्पन्न धरली जाते, एकरकमी रक्कम नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे. आणि ‘यापुढे काहीही मागणार नाही’ या वाक्यात मुलांचा खर्च बसत नाही. तो हक्क मुलांचा आहे, आईला तो सोडता येत नाही. त्याचं कलम वेगळं लिहा, दरवर्षी किती टक्के वाढेल तेही.

कोणता कागद कधी

परस्परसंमतीच्या अर्जासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दाखल झाल्यावर दुसऱ्या तारखेपर्यंत कायद्याने सहा महिने. हा काळ माफ होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि हल्ली सगळ्यांना तो माफच करून हवा असतो. कागदपत्रं तयार नसतील तर माझा सल्ला उलटा आहे: ते सहा महिने वापरा.

कारण एक साधी गोष्ट आहे. महाराष्ट्रात राहतं घर पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, नोंदणी आणि स्थानिक अधिभार वेगळे. ही सवलत नवरा-बायकोला आहे. निकाल लागल्या क्षणी तुम्ही नवरा-बायको उरत नाही, आणि मग तोच हिस्सा नावावर करायला लाखांत शुल्क मोजावं लागू शकतं. अर्थात, हिश्शाबद्दल पैसे मोजले जात असतील तर ते बक्षीस नव्हे. तिथे कोणता दस्त करायचा ते वकिलाला आणि दुय्यम निबंधकाकडे आधी विचारा. कर्ज असेल तर बँकेची ना हरकतही लागते. दस्त न करता हुकमावरच नाव लावायचं असेल तर मिळकतीचं पूर्ण वर्णन (सर्व्हे नंबर, मजला, क्षेत्रफळ) मूळ अर्जाच्या परिशिष्टात असू द्या. अर्जात नसलेली मिळकत तडजोडीत मागाहून घुसवली तर नोंदणी आणि शुल्काचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

दुसऱ्या तारखेपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. त्यामुळे एकाने सगळं आधीच देऊन टाकू नये आणि दुसऱ्याने सगळं शेवटावर ठेवू नये. आम्ही असं केलं: पहिल्या तारखेला एक तृतीयांश रकमेचा डिमांड ड्राफ्ट, सोन्याची अदलाबदल त्याच आठवड्यात, बक्षीसपत्राची नोंदणी दुसऱ्या तारखेच्या चार दिवस आधी, आणि उरलेला ड्राफ्ट न्यायाधीशांसमोर. ड्राफ्टचे नंबर हुकमात लिहून घेतले.

फीची चिंता असेल तर दोन सोयी आहेत. महाराष्ट्रात पोटगी, मालमत्ता आणि घटस्फोटाच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी १९९४ पासून माफ आहे. आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. पण दोघांचा मिळून एकच वकील नको, खर्च वाचत असला तरी.

हुकूम हातात आल्यावर

प्रमाणित नकलांचे किमान चार संच काढा. सोसायटी, बँक, आरटीओ, तलाठी, प्रत्येक जण एक ठेवून घेतो. फेरफाराचा अर्ज लगेच द्या. सर्वांत आधी मात्र नॉमिनी बदला. घटस्फोटाने पूर्वीचा जोडीदार वारस राहत नाही, पण बँक, विमा आणि पीएफच्या फॉर्मवरचं नाव आपोआप पुसलं जात नाही. तुमच्या माघारी आईला किंवा मुलांना ते पैसे मागत फिरावं लागतं. मृत्युपत्र केलेलं असेल तर तेही नव्याने करा.

वीजबिल, गॅस कनेक्शन, फास्टॅग, मुलांच्या शाळेच्या फॉर्मवरचा मोबाइल नंबर यांची वेगळी यादी करा. आमचं गॅसचं पुस्तक त्याच्या नावावर होतं. तीन वर्षांनी त्याने नव्या घरासाठी कनेक्शन मागितलं तेव्हा एजन्सीने त्याला सांगितलं की तुमचं एक आधीच चालू आहे, आणि त्याने संध्याकाळी मला फोन केला.